चौथी चकती

म्हसळा
५ ऑक्टोबर २०२५

सिद्धेश, जय भीम.

पाकीट फोडलंस, तेव्हा निदान एवढं वाच: आई बरी आहे. पत्र तिच्यासाठी लिहीत नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपापुढे तीन वर्षं एकच टिक येते. म्हणून कागद घेतला. मस्कतचा पत्ता रश्मीकडून घेतला, आणि तो मिळवण्यासाठी तिला खोटं सांगितलं, की घराच्या कागदांवर तुझी सही लागणार आहे. बायकोवर रागावू नकोस. कागद-बिगद काही नाहीत.

गुरुवारी अशोक विजयादशमीला आईला विहारात नेलं. पांढरं लुगडं तिने स्वतः इस्त्री केलं, मला हात लावू दिला नाही. तिथे सोनूबाईने विचारलं, धाकटा येणार का यंदा? आई म्हणाली, "त्याला सुट्टी न्हाय." हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ऐंशी वर्षांची बाई, कानाने कमी, पण कुणाकडे बघायचं नाही हे तिला बरोबर कळतं.

आता मुद्दा. २९ सप्टेंबरला, सोमवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी न्यूट्रॉन केंद्रातून विनिता मॅडमचा फोन आला. चौकशीनंतर पहिल्यांदाच. दुसरं टार्गेट करायचं ठरलं आहे. मांडणी तीच: अकरा चकत्या, माझ्याच जाड्या. समितीने तेव्हा मांडणीला दोष दिला नव्हता, तपासणीला दिला होता, म्हणून ड्रॉइंग जसंच्या तसं उचललं आहे. चकत्या आल्या की शेवटचं घासकाम आणि जुळणी मीच करायची.

आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते खरं ठरणार नाही. दहावी शिकलेल्या माणसाची मांडणी आहे ती. श्रीवर्धनच्या होड्यांचे पंखे सरळ करत करत, रद्दीतून आणलेली उष्णतेची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी लावून वाचत मी हे शिकलो. केंद्राच्या कॉम्प्युटरने बारा चकत्या सांगितल्या होत्या. मी हाताने आकडे मांडून अकरात बसवलं. एक चकती कमी म्हणजे पाण्याची एक फट कमी, आणि तेवढे न्यूट्रॉन जास्त. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने विचारलं होतं, तुमचं शिक्षण कुठे झालं? मी म्हटलं, म्हसळ्यात, लेथसमोर.

टार्गेट म्हणजे काय ते आईला मी सांगत होतो, आठवतं? जड धातूच्या चकत्या एकीमागे एक उभ्या करायच्या. त्यांच्यावर प्रोटॉनचा किरण सेकंदाला पन्नास वेळा आपटतो, आणि धातूतून न्यूट्रॉन उडतात. त्या न्यूट्रॉनांनी शास्त्रज्ञ लोक पोलादाच्या नाहीतर औषधाच्या पोटात काय चाललंय ते बघतात. चकत्यांच्या फटींतून सतत पाणी खेळवायचं, नाहीतर धातू टिकायचा नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे मार खायाचा आन थंड ऱ्हायाचा." तू हसून हसून खाली बसला होतास.

त्या पन्नासचं माझं आता काय झालं आहे ते सांगतो. घरातली वीजही सेकंदाला पन्नास फेऱ्यांची. गल्लीच्या तोंडाचा ट्रान्सफॉर्मर, फ्रिज, पंख्याचा रेग्युलेटर, सगळे गुणगुणतात. भर दुपारी जेवायला बसलो की मला त्यात ठोके ऐकू येतात, चकतीवर पडावेत तसे. तू म्हणशील, दादा, ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं शंभरचं असतं, पन्नासचं नव्हे. माहीत आहे. मोजून बघितलं आहे. तरी मला ऐकू पन्नासच येतात. वीज गेली की बरं वाटतं. आई म्हणते, उकाड्यात बरं वाटणारा तू एकटाच.

फोन ठेवताना मॅडमनी आणखी एक विचारलं. पहिल्या खेपेतली एखादी जादा चकती तुमच्याकडे राहिली आहे का? तुलनेला उपयोगी पडेल.

मी नाही म्हटलं. का म्हटलं ते लिहायला घेतलं होतं, पण पान संपत आलं आहे.

प्रफुल्ल


म्हसळा
१७ ऑक्टोबर २०२५

सिद्धेश,

पान संपलं होतं हे खोटं. वहीला एकशेचाळीस पानं आहेत.

मार्च २०२०, टाळेबंदीच्या आधीचा आठवडा. पनवेलच्या टाकीत, पाण्याखाली ध्वनिलहरी सोडून, सगळ्या चकत्या स्कॅन करून तू म्हसळ्याला आणल्यास. टंगस्टनवर टँटलमचं कातडं चढवलेलं असतं, ते सगळीकडे नीट चिकटलंय का, पाणी आत टंगस्टनपर्यंत पोचणार नाही ना, एवढं बघायचं तुझं काम. चौथ्या जाडीची पहिली चकती तूच नापास केली होतीस: एका जागी, वाटाण्याएवढ्या भागात, कातडं धरलेलं नव्हतं. म्हणून दुसरी करून घेतली, ती पास झाली. अशा चौथीच्या दोन झाल्या.

तू म्हणालास, दादा, कडेला नंबर कोरू या. मी म्हटलं, कोरायचं नाही. मार खाणाऱ्या धातूवर ओरखडा काढणं म्हणजे चीर कुठून सुरू व्हायची ते आपणच दाखवून देणं. हे तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. तू विचारलंस, मग ओळखायची कशी? मी म्हटलं, शेड माझं, ट्रे माझे, मला ओळख लागत नाही.

पास झालेली वरच्या ट्रेमध्ये, चौथ्या खाचेत. नापास झालेली लाल फडक्यात गुंडाळून खालच्या ट्रेमध्ये. सर्टिफिकेटवर सही तुझी, कारण पदवी तुझी. मांडणी माझी, हात माझे, आणि कागदावर नाव तुझं. मी चारचौघांत म्हणायचो, ह्याला सही करण्याइतका मी शिकवला. तू तेव्हा खाली बघायचास. मला वाटायचं, लाजतोय.

३ जूनला वादळ आलं. दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, म्हसळ्याचं कुणी दाखवलं नाही. शेडचे सोळा पत्रे होते, त्यातले अकरा उडाले. रॅक उताणा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिखलात गुडघ्यांवर बसून चकत्या वेचल्या. अकरा अधिक एक, बाराच्या बारा मिळाल्या. एकीलाही पोचा नव्हता. लाल फडकं मात्र शेजारच्यांच्या कुंपणावर होतं, रिकामं, फडफडत.

धुऊन, पुसून मायक्रोमीटर लावला. बाकीच्या जाडीवरून ओळखता आल्या. चौथीच्या दोन राहिल्या. एक तेरा पूर्णांक शून्य शून्य मिलिमीटर. दुसरी तेरा पूर्णांक शून्य शून्य. माझ्याच हाताने घासलेल्या, फरक कुठून निघणार? वजन केलं. तेही सारखं.

आपल्याकडे एकवीस दिवस वीज नव्हती, रेंज त्याहून उशिरा आली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुझा फोन लागला. आईचं विचारलंस, छपराचं विचारलंस, आणि मग म्हणालास, दादा, चकत्या? मी म्हटलं, एकीलाही धक्का लागलेला नाही.

ते खोटं बोललो. पण बोललो तेव्हा कुठली चकती कुठली हे मी ठरवलेलं होतं, हेही लक्षात घे. कसं ठरवलं ते आज लिहिणार होतो. आईला बीपी दाखवायला न्यायचं आहे. घाबरू नकोस, नेहमीचंच आहे.

प्रफुल्ल


म्हसळा
९ नोव्हेंबर २०२५

सिद्धेश,

होडीचा पंखा कसा तपासतात ते तुला सांगायला नको. दोरीला टांगायचा, लाकडी हातोडीने ठोकायचा. आत चीर असेल तर आवाज बसका येतो. तीस वर्षांत एकाही पंख्याबद्दल माझा कान चुकला नाही. त्या दोन चकत्या मी सुती दोरीच्या फाशात टांगल्या आणि ठोकल्या. एकीचा आवाज जरा जास्त रेंगाळला. जरासाच. ती मी आत बसवली.

दोन किलोंच्या वर वजनाच्या चकतीत वाटाण्याएवढी पोकळी कानाला कळत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पनवेलला पुन्हा पाठवता आली असती. टाळेबंदी होती, पण केंद्राचं पत्र होतं, त्यावर गाडी सुटली असती. त्यासाठी तुला फोन करून एकच वाक्य बोलायचं होतं: सिद्धेश, तू म्हणालास तसं नंबर कोरायला हवे होते. चौदा दिवस मी ते वाक्य बोलून बघत होतो. लेथपुढे बोललो, आरशापुढे बोललो. मग केंद्राची गाडी आली.

मार्च २०२१ मध्ये किरण सुरू झाला, अकरा महिने चालला, आणि पाण्यात टंगस्टन सापडलं. चौथीचं कातडं फाटलं होतं. पुढचं तुला पाठ असेल, पण मी लिहितो, कारण मी ते आजपर्यंत कुणापुढे उच्चारलेलं नाही. समितीने तुला विचारलं. तू म्हणालास, मी पास केलेल्या चकतीत दोष नव्हता, आलेख बघा. मग मला विचारलं, बसवलेली चकती तीच होती का? मी म्हटलं, "सिद्धेशने पास करून माझ्या हातात दिली, तीच मी बसवली." दोन मिनिटांत काम झालं. आलेखावर चकतीचा नंबर होता, चकतीवर नव्हता. त्यांनी धरलं की तू दोष बघितलाच नाहीस. तुझं तपासनिसाचं सर्टिफिकेट गेलं.

नंतर जिन्यात तू माझा दंड धरलास. म्हणालास, "दादा, वादळात काही झालं असेल तर सांग. दोघांची चूक झाली म्हण. मी तेवढ्यावर जगेन."

मी म्हटलं, "माझी चूक नसताना मी कशाला म्हणू?"

हे वाक्य रोज ऐकतो. आईच्या हातून वाटी पडली, बाहेर कुणी टिकाव टाकला, की आधी कान त्या आवाजाची पारख करतात, बसका की खणखणीत, आणि त्यामागून माझाच आवाज येतो: कशाला म्हणू.

मॅडमना नाही म्हटलं, ती दुसरी चकती घरात आहे. आईच्या तांदळाच्या डब्यामागे, त्याच लाल फडक्यात. चौकशीनंतर कुठल्याही दिवशी ती पनवेलला नेली असती तर तासाभरात कळलं असतं. ही निर्दोष निघाली, तर नापास झालेली मी आत बसवली आणि तू सुटलास. एवढं सरळ आहे. तीन वर्षं नेली नाही. डबा सरकवताना तिला बाजूला करावं लागतं. आत गेलेली चकती किरण खाऊन खाऊन तिच्या शिशाच्या पेटीत अजून स्वतःच्या उष्णतेने कोमट असेल, आणि वर्षानुवर्षं तशीच राहील. घरातलीला किरण कधी लागलेलाच नाही. मला हे पूर्ण कळतं. तरी हात लावण्याआधी मी बोटांची मागची बाजू लावून बघतो, तव्याला लावतात तशी.

काल आईला सांगितलं. ठरवलं होतं हळू सांगायचं, पण तिला ऐकू जाईना. "काय चुकलं?" "कुनाचं चुकलं?" असं करत शेवटी कानाशी जाऊन ओरडावं लागलं. माझी चूक होती, सिद्धेशची नव्हती, मी खोटं बोललो. आपली अर्धी आळी ऐकत असणार, कारण समोरचा रेडिओ बंद झाला.

आई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "मला ठावं हाय. चौकशीवरनं तू आलास न् पानी न्हाय मागितलंस."

मी म्हटलं, मग तीन वर्षं बोलली का नाहीस?

"तुला बोलून कोन जिंकलाय? माझ्या कानात वरडून काय उपेग. त्याच्या कानात सांग."

पनवेलच्या दिनानाथला फोन केला. अठरा तारखेची वेळ दिली आहे. त्याने विचारलं, कशाची तपासणी? मी म्हटलं, आणल्यावर बघ.

प्रफुल्ल


म्हसळा
२० नोव्हेंबर २०२५

सिद्धेश,

तू शिकवलेला दिनानाथ आता टाकी एकटा चालवतो. मला बघून उठला नाही. चकती फडक्यातून काढून टेबलावर ठेवली तेव्हा त्याने ती चौथीची म्हणून ओळखली आणि म्हणाला, "ह्या बाई एवढी वर्षं कुठं होत्या?"

मी म्हटलं, घरी.

"साहेब तिकडे दुसऱ्याच्या सहीखाली पायपांची जोडणी तपासतात, आणि ह्या घरी."

त्याने चहाही विचारला नाही, आणि ते योग्यच होतं. चकती पाण्यात सोडली, पडद्यावर एकेक रेघ उतरायला लागली. मी उभाच होतो. मनाशी ठरवून आलो होतो की चित्र स्वच्छ येणार, आणि मग काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. सतराव्या मिनिटाला उजवीकडे वरच्या बाजूला एक ठिपका आला. वाढला. वाटाण्याएवढा झाला.

दिनानाथने कपाटातून मार्च २०२० ची फाइल काढली. तुझा नापास चकतीचा आलेख पडद्याशेजारी धरला. तोच आकार, तीच जागा.

"प्रफुल्लदादा, ही नापासवाली आहे," तो म्हणाला. "म्हणजे आत गेली ती साहेबांनी पास केलेलीच."

आता जे लिहितो त्याची लाज वाटते, म्हणून सरळ लिहितो. मला आनंद झाला. माझा कान बरोबर निघाला होता. शंभरातला एकही माणूस जे ओळखणार नाही ते मी दोरीला टांगून ओळखलं होतं. एसटीत खिडकीशी बसून माणगावपर्यंत मी त्या आनंदात होतो. पुढच्या बाकावरच्या माणसाला सांगावंसं वाटत होतं. तू कुठे आहेस, तुझं काय झालं, हे त्या दीड-दोन तासांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

माणगावला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आणि मग मला तो प्रश्न पडला. चकती निर्दोष होती, तर कातडं फाटलं कशाने?

उत्तर शोधावं लागलं नाही. २०१९ च्या दिवाळीत तू माझी वही बघत होतास. एका आकड्याभोवती पेन्सिलने गोल केलास. टंगस्टन उष्णता किती वेगाने बाहेर देतं, तो आकडा. तू म्हणालास, "दादा, हा नव्या धातूचा आहे. किरण खाल्ला की धातू म्हातारा होतो, हा आकडा उतरतो." मी म्हटलं, पुस्तकात छापलाय. तू म्हणालास, पुस्तक नव्या धातूचं आहे. मी खोडरबर घेऊन तुझा गोल पुसला. तुझ्यासमोर पुसला, आणि रबराचा चुरा फुंकून तुझ्या बाजूला उडवला.

घरी येऊन वही काढली. गोल पुसलेल्या जागी कागद अजून खरखरीत आहे. बारा चकत्यांच्या मांडणीत चौथी अकरा मिलिमीटरची होती. एक चकती वाचवण्यासाठी मी तिला तेरा केलं. आतला ताप जाडीच्या वर्गाने वाढतो, अकराचं तेरा केलं की चाळीस टक्के जास्त. तू म्हणालास तो आकडा निम्म्यावर आला, तर त्याच्याही दुप्पट. मिळून पावणेतीन पटीच्या वर. त्या तापावर सेकंदाला पन्नास ठोके. कातडं फाटणारच होतं. अकरा महिने टिकलं हेच नवल, आणि तेही चिकटवणी चोख होती म्हणून, जिच्यावर तू सही केली होतीस.

म्हणजे वादळाने काही केलं नव्हतं. ट्रेच्या गोंधळाने केलं नव्हतं, तू तर नाहीच. दोष त्या एकाच गोष्टीत होता जी मी लोकांना अभिमानाने दाखवत आलो. आणि तेच ड्रॉइंग आता दुसऱ्या टार्गेटसाठी निघालं आहे. चकत्यांची तपासणी पनवेललाच आहे. सही दिनानाथ करणार.

गप्प बसलो तर काय, हेही मी मांडून बघितलं, तुझ्यापासून लपवत नाही. तू सुटतोस, इतकं सांगायला चकतीचे दोन आलेख पुरेत. चकत्या वादळात मिसळल्या हे कबूल केलं की झालं. जाडीबद्दल कुणी विचारणार नाही. मांडणी माझ्या नावावर राहील. अकरा महिन्यांनी पुन्हा फाटेल आणि दिनानाथला बोलावतील. दोन दिवस मी हे घेऊन बसलो. दोन दिवस लागले, हे लिहून ठेवतो.

प्रफुल्ल


म्हसळा
१० डिसेंबर २०२५

सिद्धेश,

चार तारखेला केंद्रात होतो. जायला दीड दिवस लागला. चकती, दोन्ही आलेख, वही आणि चार पानी निवेदन बरोबर नेलं. निवेदन मी मराठीत लिहिलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर काही शब्द मला हवे तसे मऊ करता आले असते.

विनिता मॅडमनी ते सलग वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. विचारलं, हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, आईने. त्यांनी वही मागितली आणि चौथ्या चकतीचं पान काढलं. म्हणाल्या, आम्हीही तुमच्याच आकड्यापासून सुरुवात केली होती, तो तपासायचं आमच्याकडूनही राहिलं. मला वाटलं, त्या मला थोडी सवलत देताहेत. घ्यावीशीही वाटली. मी म्हटलं, तो आकडा चुकीचा आहे असं मला २०१९ मध्ये एकाने सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, कुणी? मी तुझं नाव सांगितलं. ते त्यांनी निवेदनाच्या कडेला लिहून घेतलं.

ड्रॉइंग त्याच दुपारी थांबवलं.

मग मी म्हटलं, सिद्धेशच्या वतीने माझी विनंती आहे, की त्याचं सर्टिफिकेट...

"थांबा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "त्यांच्या वतीने तुम्ही आता काही बोलायचं नाही."

मी थांबलो. बाहेर कुठेतरी पंप चालू होता. पन्नास की शंभर, मोजलं नाही.

निघताना त्यांनी सहज विचारलं, मग तुमच्या मते चौथी किती जाडीची असावी? आकडा माझ्याकडे तयार होता. एसटीत तीनदा पडताळला होता, दुसऱ्या दशांशापर्यंत. सांगितला नाही. म्हटलं, हे सिद्धेशला विचारा. त्या म्हणाल्या, ते सांगतील का? मी म्हटलं, मला माहीत नाही.

काल रश्मीशी बोललो. घराच्या कागदांचं खोटं होतं हे तिला सांगितलं. ती म्हणाली, ते मला तेव्हाच कळलं होतं, दादा, तुम्ही कधी सही मागायला फोन केला होता? तुझ्याबद्दल म्हणाली, पत्रं येतात तशी तो ड्रॉवरमध्ये ठेवतो. वाचतो का ते तिला माहीत नाही. फाडलेलं एकही नाही.

समिती पुन्हा बसते आहे. २२ डिसेंबर, सोमवार, सकाळी अकरा. तुझ्याकडे साडेनऊ. तुला मेल आला असेल, तू तिकडून पडद्यावर येऊ शकतोस. माझं निवेदन त्यांच्याकडे आहे, त्यामुळे मी बोललो काय, न बोललो काय, कागद तोच राहील. मी त्या खोलीत असावं की नसावं, हे त्यांनी तुझ्यावर सोडलं आहे. मी समोर असताना तुला बोलता येणार नसेल तर तसं कळव. कारण द्यायची गरज नाही.

मी एकवीसला संध्याकाळी पोचतो. सोमवारी दहापासून फाटकाबाहेरच्या बाकावर असेन. बोलावलं तर आत येईन आणि विचारतील तेवढ्याचं उत्तर देईन. नाही बोलावलं तर साडेतीनच्या गाडीने परत फिरेन. काय ठरलं ते मला कळवायलाच पाहिजे असं नाही.

आईला मात्र तू स्वतः सांग. तिचा फोन तिच्याच हातात असेल, मी घरी नसेन. जरा मोठ्याने बोल. डावा कान अजून बरा आहे.

प्रफुल्ल